लाँड्रीवाली, ४६३

भोपळा मंडळात आईबापांनी ठेवलेलं नाव चालत नसे. ते घरी ठेवून यायचं. मंडळाचा कायदा असा की, ज्याने स्वतः भोपळा पिकवून काट्यावर चढवला त्याला त्याच दिवशी मंडळ नाव देणार, ते पाटीवर लिहिणार, आणि पुढे त्या भोपळ्याचं बी त्याच नावाने आणि वजनाने ओळखलं जाणार. बेकर ३८८. दातवाला ३०२. बेकर खरोखरच पाव भाजायचा आणि दातवाला खरोखरच दातांचा डॉक्टर होता, पण त्यांची खरी नावं विचारलीत तर मंडळातली माणसं डोकं खाजवायची. या सगळ्यांच्या वर, पाटीच्या माथ्यावर, चौदा वर्षं एकच नाव ठाण मांडून बसलं होतं: वस्ताद.

वस्तादांची मुलगी शेहेचाळीस वर्षांची झाली होती आणि मंडळात तिला नाव नव्हतं. 'वस्तादांची मुलगी' एवढंच, आणि तेही कुणी हाक मारलीच तर.

अकरा वर्षांपूर्वी वस्तादांचे गुडघे गेले, तेव्हापासून सगळं तीच करत होती. संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या मादीफुलाचं तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे मधमाशी भलत्याच वेलाचे पराग आणून टाकत नाही. सकाळी उजाडताच नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून, ते मादीफुलात हलकेच फिरवायचं. वेलावर चार फळं धरली की एक ठेवून तीन कापायची, आणि कापताना हात थरथरू द्यायचा नाही. वस्ताद खुर्चीत बसून काठीने दाखवायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंटाला चार प्लास्टिकचे पाय होते. वजनाच्या दिवशी वस्ताद कोट घालून काट्याशेजारी उभे राहायचे आणि ती मागे भोपळा उचलायचे पट्टे गुंडाळत असायची. खोटं कशाला बोला, तिलाही त्यात आनंद होता. बापाने जिंकलेली ढाल ती आपलीच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

मग एके दिवशी जेवता जेवता, मीठ मागावं तितक्या सहज वस्ताद म्हणाले, "यंदापासून वाफा धाकट्याकडे. बियांचा डबाही त्याच्याकडे. माझ्यामागे नाव चालायला नको का?"

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. फरश्यांच्या दुकानात मॅनेजर. त्याचा भोपळ्याशी आलेला संबंध एवढाच की शाळेत गणितात त्याला दोनदा मिळाला होता. तो समोर बसून मान डोलावत होता. आयत्या बिळावर नागोबा असतो, पण त्यालाही निदान बीळ कुठलं ते ठाऊक असतं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तू आहेसच की," वस्ताद म्हणाले. "तू कुठे चाललीयेस?"

आता यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. वस्तादांच्या मनात तर प्रेमच होतं म्हणा. पण तिने ताट बाजूला सारलं. खुर्ची असते, पाण्याचा पिंप असतो, तशी ती असते. मागे ठेवायचं नाव असतं ते मात्र दुसऱ्याला द्यायचं.

"मग मला एक बी द्या," ती म्हणाली. "मी माझा वेगळा लावते."

वस्ताद हसले. "एका घरातून दोन भोपळे काट्यावर जात नाहीत."

"हा नियम कुणी केला?"

"मी."

ती उठली, हात धुतले, आणि पदराला पुसत म्हणाली, "ठीक. मग धाकट्याचा वाफा धाकट्यानेच बघायचा. मी त्यात पाऊल टाकणार नाही."

वस्तादांना वाटलं, दोन दिवसांत राग निवेल. त्यांची तरी काय चूक, आजवर तो निवतच आला होता.

तिच्याकडे बी होतं. कपाटात, साड्यांच्या घडीखाली, एका पाकिटात पाच बिया. त्या कुठून आल्या ते सांगायला नऊ वर्षं मागे जायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी वस्तादांच्या भोपळ्याला वजनाच्या आदल्या दिवशी खालच्या अंगाला तडा गेला होता. बोटभर लांब, पण आतल्या पोकळीपर्यंत पोचलेला. मंडळाचा नियम साधा आहे: आरपार तडा असेल तर भोपळा बाद. फळ आतून सडायला लागलेलं असू शकतं, आणि तड्यात पाणी, वाळू, काहीही भरून वजन वाढवता येतं. वस्तादांनी डबीत मेण वितळवलं, त्यात थोडी हळद कालवली, आणि तिला म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत." तिने बुजवलं. दुसऱ्या दिवशी ३९२ किलो भरले आणि ढाल घरी आली. दातवाला दरवर्षी आपला दात तपासायचा छोटा आरसा आणून प्रत्येक भोपळ्याच्या बुडाखाली बघायचा, पण वस्तादांच्या भोपळ्याला आरसा लावायची त्याची छाती झाली नव्हती. पुढे तो भोपळा कापल्यावर वस्तादांनी त्याचं सगळं बी उकिरड्यावर फेकायला लावलं. "तडकलेल्याचं बी लावू नये, त्यातून तडाच उगवतो," म्हणाले. तिने फेकलं, पण पाच बिया उचलून ठेवल्या. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

ती कामाला होती हॉस्पिटलच्या लाँड्रीत. रोज आठशे चादरी. ओल्या चादरींचा गठ्ठा हातात घेतला की काट्याशिवाय वजन सांगावं, अशी तिची सवय झालेली. लाँड्रीच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला लागून, एक पडीक पट्टा होता. भिंतीमुळे तिथली माती कायम कोमट. तिथे जुनं लाकूडसामान आणि मोडक्या खाटा पडल्या होत्या. तिने बॉयलरवाल्याला विचारलं. बॉयलरवाला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा माणूस.

"काका, हा पट्टा मला भोपळ्याला हवाय."

त्याने पट्ट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "खाटा कुठे टाकायच्या ते सांगा, ताई," म्हणाला. त्या दिवसाचे त्याचे बरेचसे शब्द त्यातच संपले.

नऊ वर्षांचं बी म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उठवून चालवण्यासारखं. तिने कानशीने कडा घासल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून बॉयलरखोलीच्या फळीवर ठेवल्या. तीन कुजल्या. एक फुटली ती गोगलगाईने खाल्ली. पाचवीने बाराव्या दिवशी मान वर काढली, आणि ती एवढी ओरडली की इस्त्रीवरच्या बायका काही भाजलं की काय म्हणून धावत आल्या.

त्यानंतर लाँड्रीत दुसरा विषय उरला नाही. टाकाऊ चादरी शिवून तिने सावलीचं छत केलं. त्यावर हॉस्पिटलचा निळा शिक्का होता, त्यामुळे भोपळा अ‍ॅडमिट असल्यासारखा दिसायचा. खाली बारीक वाळूची गादी. रोज संध्याकाळी तीन ठिकाणी टेप लावायची: घेर, माथ्यावरून आडवं, माथ्यावरून उभं. तिन्हींची बेरीज केली की मंडळाच्या तक्त्यावरून अंदाजे वजन निघतं. ते ती खडूने बॉयलरखोलीच्या दारावर लिहायची, आणि सकाळी इस्त्रीवाल्या कामावर हजेरी लावण्याआधी दार वाचून यायच्या. ऐन भरात तो एका दिवसात चौदा किलोने वाढला. एका इस्त्रीवालीने हिशेब करून सांगितलं की दर दोन तासांनी त्याच्यात एक सव्वा किलो येतो, आणि मग त्या दिवशी कुणाचंच कामात लक्ष लागलं नाही.

इकडे धाकट्याच्या वाफ्यात गंमत चालली होती. त्याचा फोन यायचा.

"ताई, फुलं गळतायत गं सगळी."

"कुठली? नर की मादी?"

"पिवळी."

"सगळीच पिवळी असतात, बाळा."

"मधमाश्याच बरोबर येत नाहीत इकडे. जमीन पण उताराची आहे. तू एकदा येऊन..."

"नाही," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. पहिल्यांदा 'नाही' म्हटलं तेव्हा ती अर्धा तास फोनशेजारीच बसून राहिली, पुन्हा वाजेल म्हणून. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा ती चहा पीत होती, आणि कपातला चहासुद्धा हलला नाही.

वस्ताद स्वतः आले ते भोपळा साडेतीनशेच्या घरात असताना. रिक्षातून उतरले, काठी टेकत लाँड्रीच्या मागे आले, काठीने खूण करून छत बाजूला सारायला लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग वाकून बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. बारीकसं हसू त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी पुसून टाकलं.

"फार जोरात चाललाय. तडकेल."

"बघू."

"बी कुठलं? माझ्या डब्यातलं तर नाही?"

"तुम्ही फेकलेलं," ती म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वीचं."

वस्तादांनी काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. रिक्षात बसताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, एवढंच.

वजन रविवारी होतं. गुरुवारी सकाळी तिने चादर उचलली आणि देठापाशी काळी रेघ दिसली. तिला वाटलं केस पडलाय. फुंकर मारली. केस उडाला नाही. तिने केरसुणीची एक काडी घेऊन हलकेच आत घातली. काडी अडली नाही, जातच राहिली.

ती वाळूवर बसली आणि रडली. इस्त्रीवाल्या बायकांसमोर, बॉयलरवाल्यासमोर, ढसाढसा. पाच महिने पहाटे उठून, आठशे चादरी धुऊन वर हे. इतक्यांदा 'नाही' म्हणून हे. बापाचं म्हणणं खरं ठरलं, याचं दुःख तड्यापेक्षा मोठं होतं. बॉयलरवाल्याने पाण्याचा तांब्या आणून बाजूला ठेवला आणि छत पुन्हा ओढून घेतलं, कारण ऊन चढत होतं.

बातमीला पाय असतात. दुपारी धाकटा गाडी घेऊन हजर, सोबत वस्ताद. वस्तादांच्या कोटाच्या खिशात डबी होती. त्यांनी ती उघडून वाळूवर ठेवली. मेण, आणि कडेला चिमूटभर हळद. सगळं अगदी तेव्हासारखं.

"एवढुसा तर आहे," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "तुझी बोटं अजून बारीकच आहेत."

"आणि दातवाल्याचा आरसा?"

"माझ्या भोपळ्याला तो आरसा लावत नाही."

"हा तुमचा नाही, बाबा."

धाकटा पुढे सरसावला. "ताई, ऐक ना. माझं फळ दोनशेच्या पुढे जात नाहीये. हाच घरचा म्हणून चढवू. बाबा शेजारी उभे राहतील. पंधरावी ढाल! पाटीवर आपलं नाव."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला खरंच पडला नव्हता, तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

"पोरी," वस्ताद म्हणाले, "तुझ्या नावाने नेलास तर दातवाला तपासणार. बाद होणार. हात हलवत परत येशील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यांना तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. उलट आपल्याजवळ होती ती एकुलती एक युक्ती ते तिला द्यायला आले होते, सगळ्यात प्रेमाची वस्तू द्यावी तशी. हे तिला कळलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. तिने डबीचं झाकण लावलं, ती त्यांच्या खिशात परत घातली आणि खिसा थोपटला.

"नऊ वर्षं माझ्या नखात हे मेण आहे," ती म्हणाली. "आता पुरे. मी माझा भोपळा नेणार. आहे तसा."

"मग नाचक्की होईल," धाकटा म्हणाला.

"होऊ दे. माझीच होईल ना? तीही आजवर कधी माझ्या वाट्याला आली नव्हती."

रविवारी मंडईच्या रिकाम्या शेडमध्ये काटा मांडला होता. धाकट्याने आपला भोपळा आणलाच नव्हता. बेकरचा चढून उतरला होता: ४०१, आणि लोक त्याला खांद्यावर घ्यायच्या बेतात होते. तेवढ्यात हॉस्पिटलच्या लाँड्रीचा टेम्पो मागे मागे येत आत शिरला. मागे उभ्या सहा इस्त्रीवाल्या, पुढे बॉयलरवाला, आणि मधोमध चादरी पांघरलेला तो. चादरी ओढल्या तसा बेकरच्या तोंडातून निघालेला आवाज मंडळाच्या इतिहासात नोंदवायला हवा होता.

मंडळाचे उचलायचे पट्टे सव्वाचारशेच्या वर चालत नाहीत. कधी गरजच पडली नव्हती. तिने स्वतःची झोळी आणली होती: ओल्या कपड्यांच्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या उसवून, आठ पदरी शिवलेली. बॉयलरवाल्याने लाँड्रीची साखळी आणि कप्पी शेडच्या तुळईला लावली. भोपळा वर गेला, फिरला आणि काट्याच्या फळीवर अलगद बसला. काट्याचा आकडा अजून फडक्याने झाकलेला होता. तपासणी झाल्याशिवाय तो उघडायचा नाही, अशी रीत.

दातवाला आरसा पुसत पुढे आला. "हं, वस्तादांची मुलगी. बघू बरं..."

"बघायची गरज नाही," ती म्हणाली, मोठ्याने, शेवटच्या रांगेतल्याला ऐकू जाईल एवढ्या. "देठापाशी तडा आहे. आरपार."

शेडमध्ये कुजबुज झाली. दातवाल्याने तरी आरसा लावून पाहिलंच. सवय असते माणसाला. मग सुस्कारा टाकला. "वाईट वाटतं. पण बाद. उतरवा."

"वजन करा."

"बाद भोपळ्याचं वजन कशाला करायचं?"

"नियम वाचा. बाद भोपळ्याला बक्षीस नाही, एवढंच लिहिलंय. मी ढाल मागत नाही, ढाल बेकरदादांची. पण जो स्वतः पिकवून काट्यावर चढवील त्याचं नाव आणि वजन पाटीवर लागेल, हा पहिला नियम. हा मी पिकवलाय. आणि तो काट्यावर आहे."

दातवाल्याने वहीची पानं उलटली, पुन्हा उलटली. सापडलं नाही म्हणून चिडला. "अहो, पण अशी रीत नाही. तडकलेला भोपळा आजवर या काट्यावर चढलेला नाही!"

"ताई," धाकटा दात आवळून म्हणाला, "तमाशा पुरे झाला. लाँड्रीवाली आहेस तू, लाँड्रीत काय करायचं ते कर. इथे घराची अब्रू जाते."

इस्त्रीवाल्या बायकांपैकी एकीने चप्पल पायातच आहे ना ते चाचपून पाहिलं. ती मात्र भावाकडे बघतसुद्धा नव्हती. ती दातवाल्याच्या शेवटच्या वाक्यापाशी अडकली होती.

"चढलाय," ती म्हणाली.

"काय?"

"तडकलेला भोपळा या काट्यावर चढलाय. नऊ वर्षांपूर्वी. त्याचा तडा मी माझ्या बोटांनी मेण भरून बुजवला होता. तो चालला. हा उघडा आहे म्हणून चालत नाही?"

नऊ वर्षांपूर्वी कोण जिंकलं होतं ते पाटीवर लिहिलेलं होतं, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. वस्ताद पहिल्या रांगेत, कोट घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. तिने त्यांचं नाव घेतलं नव्हतं. ते म्हणू शकले असते की पोरीचं डोकं फिरलंय. तिला एका क्षणी वाटलं, म्हणतील. म्हटलं तर लोक त्यांचंच ऐकतील.

वस्तादांनी घसा साफ केला.

"मेण मी वितळवलं होतं," ते म्हणाले. "तिचा फक्त हात."

आणि मग काठीने काट्याकडे दाखवलं, अकरा वर्षं वाफ्यात दाखवायचे तसं. "वजन करा."

"मी... मंडळाला विचारावं लागेल," दातवाला म्हणाला. "तोवर उतरवून ठेवा."

"उतरवा की," ती म्हणाली. "तुमच्या पट्ट्यांनी."

सगळे मंडळाच्या पट्ट्यांकडे बघू लागले. कुणी पुढे आलं नाही. बॉयलरवाल्याने कप्पीची साखळी गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर टाकली होती आणि तो टेम्पोच्या फळीवर जाऊन बसला होता. "झोळी माझी आहे," ती म्हणाली, "गाठ मला येते. वजन झालं की उतरवते. नाही झालं तर राहू दे इथेच, मला घाई नाही. आज सुट्टी टाकलीय."

पहिला हसला तो बेकर. गडगडून हसला, आणि सरळ चालत जाऊन त्याने आकड्यावरचं फडकं ओढून काढलं.

४६३.

त्या काट्याने एवढा आकडा कधी दाखवला नव्हता. दातवाल्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग, आता दुसरा इलाजच नाही म्हणून, खडू उचलला.

"नाव?"

"वस्तादांची मुलगी लिहा," धाकट्याने सुचवलं. आकडा पाहून त्याला घराची अब्रू परत आल्यासारखं वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता माझ्या भावाने मला नाव दिलंय, सगळ्यांनी ऐकलंय. तेच लिहा. लाँड्रीवाली."

दातवाल्याने लिहिलं. लाँड्रीवाली ४६३. पुढे कंसात, नियमाने, लहान अक्षरात: तडा. इस्त्रीवाल्या बायकांनी एवढा गलका केला की मंडईतली कबुतरं उडाली. ती स्वतः पाटीकडे बघत उभी राहिली, आणि बराच वेळ तिला तिथून हलवेना.

तीन आठवड्यांनी, लाँड्रीच्या अंगणात, घड्या घालायच्या लांब टेबलावर तिने भोपळा कापला. बिया धुऊन टाकाऊ चादरीवर वाळत घातल्या. मंडळातले एकूण एक जण रांगेत उभे होते. ढाल बेकरकडे होती हे खरं, पण बेकरच रांगेत पहिला होता. दातवाला त्याच्या मागे, अंमळ खाली बघत. ज्याला त्याला ४६३ चं बी हवं होतं. ती एका पाकिटात तीन बिया घालायची आणि वर स्वतःच्या हाताने लिहायची: लाँड्रीवाली ४६३, तडा.

"तडा कशाला लिहिता?" बेकर म्हणाला. "आम्हाला ठाऊक आहे."

"तुमच्याकडून घेणाऱ्यालाही ठाऊक हवं."

रांगेच्या शेवटी वस्ताद होते. नऊ वर्षांपूर्वीची ढाल त्यांनी आदल्या आठवड्यात स्वतः रिक्षाने नेऊन मंडळाच्या टेबलावर ठेवली होती, आणि त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नव्हता. धाकटा परत फरश्यांत रमला होता, वाफा मोकळा पडला होता. आज त्यांच्या हातात तो जुना बियांचा डबा होता, झाकण उघडलेला. त्यांना कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. दुखत्या गुडघ्यांनी ते एक तास रांगेत उभे होते.

"एक दे," ते म्हणाले.

तिने पाकीट घेतलं. त्यात एकच बी घातलं, वर नाव लिहिलं, वजन लिहिलं, तडा लिहिलं, आणि ते पाकीट हातातच धरून ठेवलं.

"कोण लावणार?"

"मीच. बसल्या बसल्या जेवढं होईल तेवढं." ते थांबले. "मादीफुलं बांधायला माझी बोटं चालत नाहीत आता. तू येशील का, असं विचारणार होतो. सांगत नाहीये. विचारतोय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या माणसाने काठीने दाखवलं होतं. विचारलं पहिल्यांदाच होतं.

"बघते," ती म्हणाली. "आधी माझी बांधून होतील, मग तुमची. आणि एका घरातून दोन भोपळे काट्यावर जातील, हे आत्ताच सांगून ठेवते."

"जाऊ दे," वस्ताद म्हणाले. "माझा हरेल."

"हरेलच," ती म्हणाली, आणि पाकीट त्यांच्या डब्यात टाकलं.